जवाईबापूचा रिपोर्ट

बस माह्यापाशी, चिन्मयी. वही उघड. तुहा बाप आताच गेला, त्याची एस्टी अजून स्टँडातून निघाली बी नसन. आज तो आपला गिलास घरीच भुलून आला, पाह्यलं ना तू? तू ओट्यावर पानी आनून ठेवलं त्याच्यासमोर, अन् तो दिवसभर त्या पान्याकडं पाहत बसला, पन हात नाही लावला. म्हने, "राहू दे बेटा, स्टँडवर पेईन." या उमरेडच्या उन्हात! अन् तो गेल्यावर तू मले विचारलं का आजी, बाबा आपल्या घरच्या गिलासानं पानी काहून पेत नाही.

सांगते. पन तू लिवून घे. मले लिवता येत नाही, सांगता येते.

वर नाव लिव, मोरेश्वर. भावनाचा नवरा, तुळसाबाईचा म्हनजे माहा जवाई, अन् तुहा बाप. "तुहा" नको लिवू पाहिजे त, चिन्मयीचा लिव, वाचनाऱ्याले समजलं पायजे. तुह्या मामाचं नाव बी येईन यात, सौरवचं. माहा पोरगा होय तो. त्याले राग येईन त येऊ दे.

मोरेश्वर नागपुरात राहते, गोळीबार चौकाच्या मांगं, अन् मांडव बांधते. लग्नाचा बी तोच बांधते, तेरवीचा बी तोच. मले एकडाव म्हने, "आई, बांबूले काय समजते, खाली कोन हसून राहिलं अन् कोन रडून राहिलं." इथं आपल्या गल्लीत लग्न होतं, तवा आल्ता तो पहिल्यांदा. हातात बांबूची फास गेली, पार नखाच्या आत. मानूस एवढा उंच, अन् लहान पोट्ट्यासारखा ओट्यावर बसून बोटावर फू फू करून राहिला. भावना सुई घेऊन गेली.

म्हने, "इकडं करा हात. मरत नाही तुमी."

तो म्हने, "सुई तापवली का?"

"तापवली. अन् तुमचं तोंड बंद कराले अजून एक तापवून ठेवली हाय."

मी दारातून पाहून राहिली होती. फास निघाली तरी हात तिच्याच हातात. तुह्या आजोबाले म्या त्याच दिवशी म्हटलं, जरा पुसा त, हे मांडववालं पोट्टं कोनाचं हाय.

पन मोरेश्वरचं नाव झालं ते मांडवापायी नाही, बडग्यापायी. आपल्याले मालूम हाय, दुसऱ्या गावच्या लोकाईसाठी लिव. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. मारबत म्हनजे बाईचा पुतळा, पिवळी एक अन् काळी एक, अन् त्याईच्या संगं मानसाचे पुतळे, ते बडगे. वर्षभरात जे जे वंगाळ झालं त्याच्या नावानं बडग्या कराचा, बोंबलत न्याचा, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" अन् मंग जाळून टाकाचा. गेलं, संपलं. लोकं घरी येऊन जेवतेत.

मोरेश्वर त्याच्या नागपूरच्या गल्लीतल्या मंडळाचा बडग्या करे. बांबूचा सांगाडा, वरून चिंध्या, कागद, खळ. चेहरा असा करे का पाटी लावाची गरज नाही. एका साली खड्डेवाल्या ठेकेदाराचा केला, त तो ठेकेदार स्वतःच आला पाहाले अन् म्हने, "मोरू, बाकी बराबर हाय, नाक जरा लहान कर ना गा." खळ भावना शिजवे. तू रांगे तवा, खळीत हात घाले, अन् तुहा बाप तुह्या बोटाबोटाले कागद चिकटवे अन् म्हने, "हे पाहा, माहा सगळ्यात भारी बडग्या." भावना वरडे, "पोरीले बडग्या काहून म्हनता जी, जाळतेत त्याले." तो लगेच कागद काढून टाके.

आता पुढचं लिव. शरमू नको.

भावनाले अंगावरून पांढरं जाये. मंग मधातच लाल जाऊ लागलं. बाईच्या जातीले वाटते, होते असं, कोनाले सांगाचं. तिनं नवऱ्याले नाही सांगितलं, मले नाही सांगितलं. जवा सांगितलं तवा गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, अन् लय पुढं गेलेला. लिव वं, पिशवीचं तोंड. शरमेनंच गेली तुही माय, आता तू नको शरमू.

नागपुरात तिले कॅन्सरचे, मशिनीतले शेक देल्ले. मोरेश्वर तिले गाडीवर बसवून ने. ती इतकी गळून जाये का मांगून पडन म्हनून तो तिले आपल्या कमरेसंगं दुपट्ट्यानं बांधे. मांडवाची गाठ मारे, जी वादळात सुटत नाही. रस्त्यानं लोकं हासत, पाहा, बायको बांधून नेते! भावना मले म्हने, "आई, हे गाठ मारतेत न, मले वाटते मी कुठी जातच नाही."

गेली. उन्हाळ्यात गेली.

दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टरनं सौरवले सांगून ठेवलं होतं का हा कॅन्सर एका विषानूपासून होते, अन् तो विषानू नवराबायकोच्या संबंधातून येते. बस. सौरवनं तेवढंच आयकलं. पुढचं आयकाले थांबलाच नाही. तू त्याले वाईट नको समजू. भावनानं त्याले कडेवर वागवलं, स्वतःच्या ताटातली मलिद्याची मूठ त्याले देल्ली, पहिल्या दिवशी शाळेत बी तीच घेऊन गेली. ज्याचं मानूस जाते त्याले कोनाचं तरी नरडं पायजे धराले. विषानूचं नरडं कुठी असते? मोरेश्वरचं होतं समोर.

तेरवीचा मांडव मोरेश्वरनं स्वतः बांधला, अन् स्वतःच सोडून राहिला होता. सौरव खाली उभा राहून म्हने, "भाऊजी, पोरगी आमी नेतो."

तो वरूनच म्हने, "ने ना गा, चार दिवस. मलेही अजून काही सुधरत नाही."

"चार दिवस नाही. तुमच्या अंगात तो जंतू हाय. माही बहीन गेली त्याच्यात. पोरीले मी तुमच्याजवळ ठेवत नाही. तपासनी करा, निगेटिव्ह रिपोर्ट आना, अन् घेऊन जा आपली पोरगी."

मी मधात पडली. म्या म्हटलं, "सौरव, अरे जीभ हाय का काय हाय तुही." पन मोरेश्वर बांबू धरून खाली उतरला अन् म्हने, "आनतो गा." जसं कोनी बजारातून जिरं आनाले सांगितलं. भांडला नाही, रडला नाही. त्याले बी वाटलं असन, मानसाची तपासनी होतच असन, बाईची होते त.

सौरव खदानीवर ठेकेदारीत काम करते ना, कोरोनात तिथं गेटवर रिपोर्ट मांगत. निगेटिव्ह असन त आत, नसन त घरी बस. त्याच्या डोक्यात तेच बसलं. जंतू म्हनजे रिपोर्ट, अन् रिपोर्ट म्हनजे गेट उघडते.

मोरेश्वरनं पहिला रिपोर्ट आनला, एड्सचा. निगेटिव्ह. सौरव म्हने, हा नोहोय. दुसरा आनला, रक्तातल्या दुसऱ्या गुप्तरोगाचा. तोही चांगला. सौरव म्हने, हाही नोहोय, त्याचं नाव एचपीव्ही हाय, मोबाईलवर पाहा. मंग मोरेश्वर लॅबीलॅबी हिंडला. जिथं जाये तिथं म्हनत, "बायांची करतो, काका. माणसाची नाही करत." तो म्हने, "अहो, पैसे देतो ना." ते म्हनत, "पैशाचं नाही, काका."

म्या म्हटलं, जवाईबापू, मी येते तुमच्या संगं. आपन त्याच डॉक्टरीन बाईकडं जाऊ, जिनं भावनाले पहिल्यांदा तपासलं. रामदासपेठेत तिचा दवाखाना हाय. गेलो. तिथं सगळ्या बायाच बाया. काउंटरवरची पोरगी म्हने, "पेशंटचं नाव?"

"मोरेश्वर."

"पेशंटचं, काका."

"मीच होय."

"इथं फक्त लेडीज पाहतात."

बाकड्यावरच्या बाया तोंडाले पदर लावून हासू लागल्या. एक त म्हने, "कितवा लागला, भाऊ?" तोही हासला बिचारा. मले राहवलं नाही. म्या म्हटलं, "हासा वं बायांनो. याची बायको याच बाकड्यावर बसे." जी जास्त हासत होती तिनंच सरकून त्याले जागा देल्ली, पन तो बसला नाही. भिंतीले लागून उभा राहिला.

डॉक्टरीन बाईनं आत घेतलं. भावनाचं नाव तिले आठवत होतं. मोरेश्वरनं सगळं सांगितलं, सौरवचं, रिपोर्टचं, तुहं. म्हने, "मॅडम, माही तपासनी करा. जे निघन ते निघन."

ती म्हने, "मोरेश्वरभाऊ, पुरुषांसाठी अशी ठरलेली तपासणीच नाही."

"म्हनजे नागपुरात नाही?"

"कुठंच नाही. कोणी स्वॅब घेऊन करून दिलीच, तरी त्यातून तुम्हाला हवं ते कळणार नाही. आज नाही निघाला म्हणजे कधी नव्हताच असं म्हणता येत नाही. आणि आज निघाला, तरी तो तुमच्याकडून तिला गेला की तिच्याकडून तुम्हाला आला, हेही सांगता येत नाही. हा विषाणू फार लोकांना लागतो. बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, त्यांना पत्ताही लागत नाही. थोड्या बायांमध्ये राहून जातो, आणि मग पुष्कळ वर्षांनी कॅन्सर होतो. भावनाच्या अंगात तो कधीपासून होता, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

तो खाली पाहत होता. मंग हळूच म्हने, "मॅडम, लग्नाच्या आधी मी..."

तिनं हात वर केला. "मला सांगू नका. त्यानं काही बदलत नाही."

पुढं काय सांगनार होता, होतं का नव्हतं, ते त्याचं त्याले मालूम. म्या विचारलं नाही. तूही कधी विचारू नको.

मंग तो जे बोलला, चिन्मयी, ते मले झोपेत बी आयकू येते. म्हने, "मॅडम, मले सोडा म्हनून नाही म्हनत मी. मले फक्त सांगा, मीच देल्ला का तिले? हो म्हना नाहीतर नाही म्हना. दोन्हीतलं कोनतंही चालन मले. हे मधातलं नाही चालत."

डॉक्टरीन बाई म्हने, "तेच सांगता येत नाही, भाऊ."

मंग तिनंच विचारलं, मुलगी केवढी हाय. म्या सांगितलं. ती म्हने, हेच वय हाय, तिले लस द्या, आईसारखं तिचं होऊ नये. अन् म्हने, "तिला खुशाल घरी आणा. जेवणातून, पाण्यातून, कुशीत झोपल्यानं मुलीला काही होत नाही. तुमच्यासोबत राहायला तिला काहीच धोका नाही." मोरेश्वरनं एकदम मान वर केली. म्हने, "हे लिवून द्या. याच्यावर शिक्का द्या." तिनं देल्लं, शिक्का मारून देल्लं. अख्ख्या रस्त्यानं त्यानं तो कागद शर्टाच्या आत, छातीपाशी ठेवला. घामानं वला होईन म्हनून खाली पॉलिथिन लावलं. एस्टीत मले म्हने, "आई, तिची खाट मी खिडकीपाशी लावतो. तिले गाड्या पाहाले आवडतेत."

सौरवनं कागद पाहिला. उलटा करून पाहिला. म्हने, "याच्यात निगेटिव्ह कुठी लिवलं हाय?"

मोरेश्वर म्हने, "सौरव, मानसाची तपासनीच नसते गा. मॅडमनं सांगितलं."

"असं कसं नसते? बाईची असते अन् मानसाची नसते? ही चिठ्ठी होय, भाऊजी. रिपोर्ट नोहोय. कोरोनात म्या गेटवर रोज पाहिलं, रिपोर्ट कसा रायते."

मी सौरवले लय बोलली. तुही मामी रितिका, ती बी म्हने, "अहो, डॉक्टरनं लिवलं हाय त आयका ना." तो म्हने, तुमी बायांनो मधात नोका पडू, माही बहीन गेली हाय. अन् मोरेश्वर काय म्हने मालूम? म्हने, "बराबर हाय त्याचं. मलेच समजत नाही त त्याले कसं समजन."

तिथंच मोडला तो. सौरवच्या बोलन्यानं नाही. त्याले स्वतःलेच वाटे, आपनच होय.

लसीले मातर सौरव नाही म्हनला नाही. रितिकानं नेलं तुले. तुहा बाप बाहेर रस्त्याच्या पलीकडं उभा होता, निंबाखाली. तू म्हटलं, मामी, बाबा इथं मांडव बांधाले आले का. तुले वाटलं, जिथं बाबा उभे तिथं मांडव. सुई टोचली तवा तू वरडली, अन् तो दोन पावलं पुढं आला अन् तिथंच थांबला. गाड्या त्याच्या अंगाले घासून जाऊन राहिल्या होत्या.

आता मारबतीचं. हे तुले आठवते, पन अर्धं.

पुढच्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सौरवले म्हटलं, मी पोरीले मारबत दाखवाले नेते, कोनी अडवलं तरी नेते. एस्टीनं आपन गेलो. गर्दी एवढी का म्या तुले पदरानं बांधून घेतलं. मंडळाचा बडग्या आला हातगाडीवर. पोट्ट्याईनं पाटी लावली होती, काय होतं तिच्यावर, तूच वाचलं: "नळाले पानी न देनारा." पोट्टे नाचून राहिले होते. पन चेहरा, चिन्मयी! त्याचाच चेहरा. तेच कपाळ, तीच वाकडी मिशी, अन् अंगात त्याच्या लग्नातला निळा शर्ट. पोट्टे ओरडत, "अबे, हा त मोरूदादाच दिसते! मोरूदादा, आरशात पाहून केला का बे?" अन् तो गाडीमांगं चालत होता, अन् हासत होता. म्हने, "दुसरं तोंड सुचलंच नाही गा यंदा." सगळ्याईले मजाक वाटला. पानी न देनारा! मलेच समजलं का त्यानं काय केलं. मारबत रोग नेते ना? त्याले वाटलं, तपासनी होत नाही त नाही, जाळून त पाहू. जळन त जळन.

पेटवला. कागद, चिंध्या, खळ, भसकन पेटलं. तोंड पेटलं, अन् तू वरडली, "बाबा!"

तो धावत आला. त्यानं दोन्ही हात पुढं केले तुले उचलाले. अन् तू माह्या मांगं लपली. पदरातून म्हटलं, "आजी, नको. बाबाचा आजार लागन."

तुहा कसूर नाही, पोरी. तू दहा वर्षाची. तुले घरात जे सांगितलं तेच तू म्हनशील.

त्याचे हात तसेच राहिले हवेत. मंग त्यानं ते खाली घेतले अन् पँटीले पुसले. दोन्हीकडून पुसले, जशी खळ लागली होती. अन् तुले म्हने, अगदी मऊ आवाजात, "हो बेटा. दूरच राह्य."

त्या दिवसापासून तो गिलास आनते. रविवारी येते, ओट्यावर बसते, आपल्या थैलीतून आपला स्टीलचा गिलास काढते, नळावर धुते, पानी पेते, पुन्हा थैलीत ठेवते. कोनी सांगितलं नाही त्याले. म्या एकडाव तोच गिलास हिसकून त्याच्यासमोर उष्टं पानी पेली, सौरवही बसला होता. पुढच्या रविवारी तो दोन गिलास घेऊन आला, एक माह्यासाठी. म्या काय कराचं अशा मानसाचं?

बडगेही करत नाही आता. मंडळवाले आले होते. त्याईले म्हने, हात बसत नाही.

तू विचारलं होतं ना, पानी काहून पेत नाही. म्हनून पेत नाही. त्याच्यापाशी रिपोर्ट नाही, अन् तो रिपोर्ट या जगात कोनापाशीच नाही. कोनी काढू शकत नाही. सौरव त्याची वाट पाहून राहिला, तुहा बाप त्याची वाट पाहून राहिला, अन् तू इथं मोठी होऊन राहिली. तिथं खिडकीपाशी खाट तशीच टाकून ठेवली हाय त्यानं, चादर घातलेली. मी पाहून आली. तुहे पाय आता बाहेर येतीन त्या खाटेच्या.

लिवलं? थांब, पुसू नको अक्षर, डोळ्याच्या पान्यानं वलं झालं त होऊ दे. सौरव येईनच कामावरून. जेवाले बसला का त्याच्यासमोर बस अन् हे सगळं वाचून दाखव. माहं आयकत नाही तो, म्हतारीचं काय आयकाचं. तुह्या तोंडून आयकन. उठून गेला तरी थांबू नको, त्याच्या मांगं मांगं जाऊन वाच.

अन् रितिकाले सांग, ओट्यावरचा तो भरलेला गिलास आज कोनी उचलाचा नाही. मामाले जेवतानी दिसला पायजे.